तारीख सगळ्यात शेवटी ठरवा

प्रति,
शिडाच्या होडीतून पहिल्यांदाच एकट्याने समुद्र ओलांडायला निघालेल्या सर्व नवख्यांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचा बेत मला एव्हाना पाठ झालाय. तीस-बत्तीस फुटांची जुनी फायबरची होडी स्वस्तात मिळालीय, आठवडाभराचा एखादा कोर्स झालाय, शिडं कशी चढवायची-उतरवायची याचे व्हिडिओ रात्र रात्र जागून बघून झालेत, राजीनामा एक तर दिलाय किंवा खिशात तयार आहे. आणि अमुक तारखेला निघणार, असं सगळ्यांना सांगून टाकलंय.

हे ऐकलं की लोकांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, जा रे, आयुष्य एकदाच मिळतं. दुसरा म्हणतो, मरशील, आणि तुला शोधायला येणाऱ्यांनाही संकटात घालशील. पहिल्या तटाचं यात काहीच पणाला लागलेलं नसतं. दुसऱ्यातले बरेच जण गेली वीस वर्षं स्वतःच्या होडीची तयारीच करतायत आणि धक्क्याचा दोर अजून सुटलेला नाही. या दोघांच्या मधे उभं राहून लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. जा. पण निघायची तारीख सगळ्यात शेवटी ठरवा, आणि ठरली तरी गावभर करू नका. साहस आणि तयारी यांचं भांडण लावून द्यायची आपल्याला सवय आहे. मला ते भांडण कधी दिसलं नाही. तयारीचं वैर असतं ते जाहीर झालेल्या तारखेशी, आणि त्या तारखेला चिकटलेल्या पैशाशी नि प्रेक्षकांशी.

डोनाल्ड क्रोहर्स्टचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९६८ साली ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबरच्या दरम्यान केव्हाही निघा, एवढीच सुरुवातीची अट. नऊ जण निघाले, एकच जण प्रदक्षिणा पुरी करून परतला. क्रोहर्स्ट इलेक्ट्रॉनिक्समधला हुशार माणूस, होडी चालवायचा ती सुट्टीच्या दिवशी, हौस म्हणून. पैसे देणाऱ्याशी झालेला करार असा, की प्रवास अर्धवट सोडला तर होडीचा खर्च त्याच्याच कंपनीच्या डोक्यावर यावा. नवी कोरी तीन सांगाड्यांची होडी यार्डातून निघायच्या बंदरापर्यंत आणायला तीन दिवस लागतील असा अंदाज होता. लागले जवळजवळ दोन आठवडे. खरं तर तिथेच उत्तर मिळालं होतं. पण कॅलेंडर पुढे सरकत होतं. ३१ ऑक्टोबरला, म्हणजे मुदतीच्या अखेरच्या दिवशी, तो निघाला तेव्हा होडी पुरी झालेली नव्हती आणि सुटं सामान किनाऱ्यावरच राहून गेलं होतं.

दोनच आठवड्यांत त्याला सगळं कळून चुकलं. पुढे जाऊ नये याची कारणं त्याने स्वतःच्या वहीत व्यवस्थित लिहून काढली आहेत: पाणी कुठून शिरतंय, काय चालत नाही, दक्षिण महासागरात या होडीचं काय होईल. डोकं शाबूत असलेल्या माणसाचं ते टिपण आहे. फक्त मागे फिरायची वाट त्याने निघण्याआधीच बुजवून टाकली होती. मग तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणं कळवत राहिला. नोंदी १ जुलै १९६९ ला थांबतात. १० जुलैला होडी रिकामी सापडली. आणि क्रोहर्स्ट मागून येतोय या समजुतीने त्याच शर्यतीतल्या नायजेल टेटलीने आपली आधीच खिळखिळी झालेली होडी ताणली, ती मे महिन्यात, घर जवळ आलं असताना बुडाली. टेटली वाचला.

ही गोष्ट सहसा खोटेपणाची म्हणून सांगतात. मी ती कॅलेंडरची म्हणून वाचतो.

त्याच शर्यतीत चे ब्लाइथ होता. फौजेतून आलेला. दोनच वर्षांपूर्वी जॉन रिजवेबरोबर वल्ह्यांच्या होडीतून अटलांटिक पार केलेला. पण शिडाची होडी चालवायचा अनुभव जवळजवळ शून्य. निघायच्या दिवशी मित्रांनी त्याची शिडं लावून दिली, आणि त्यांच्यातला एक दुसऱ्या होडीतून पुढे पुढे गेला, म्हणजे तो काय करतो ते बघून ब्लाइथने तसंच करावं! ‘बघा, त्यालाही काही येत नव्हतं, तरी गेलाच ना’ असं म्हणताना तुम्ही हीच अर्धी गोष्ट सांगता. उरलेली अर्धी अशी, की दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचल्यावर ही होडी या समुद्रासाठी नाही हे ओळखून त्याने शर्यत सोडली. मग १९७०-७१ मध्ये ५९ फुटांची, खास त्या कामासाठी बांधलेली होडी घेऊन तो निघाला आणि वाऱ्याच्या उलट दिशेने, पश्चिमेकडे जात, एकट्याने न थांबता पृथ्वी फिरून आला. तोवर हे कुणीच केलं नव्हतं. पहिल्या खेपेला माघार घ्यायची त्याला लाज वाटली असती, तर दुसरी खेप झालीच नसती.

आणि जिंकला तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ‘सुहेली’ ३२ फुटांची, सागवानी, संथ, मुंबईत बांधलेली. म्हणून नवख्यांना ती फार आवडते: एवढ्याशा साध्या होडीने जमतं, मग माझी काय वाईट? पण हा माणूस व्यापारी जहाजांवरचा अधिकारी होता, आणि त्याच होडीतून आधी मुंबईहून इंग्लंडपर्यंत आला होता. तिची फळी न् फळी त्याला माहीत. शर्यतीत तळाच्या सांध्यातून पाणी यायला लागलं, तेव्हा भर समुद्रात तो पाण्याखाली उतरला आणि सांध्यावर कॅनव्हासची पट्टी नि तिच्यावर तांब्याचा पत्रा ठोकून आला. मधेच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने उडवून पुन्हा कामाला लागला. पुढे सुकाणू आपोआप धरणारं यंत्र मोडलं, रेडिओ बंद पडला. तरी २२ एप्रिल १९६९ ला तो घरी पोचला. ओळखीच्या होडीत मोडतोड झाली की माणूस दुरुस्तीला लागतो. अनोळखी होडीत आधी घाबरण्यातच तास जातो, आणि कित्येकदा हातात तेवढाच तास असतो.

तुम्ही विचारता, अनुभव किती हवा? २०१८ ला पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोबच्या आयोजकांनी निदान ८,००० सागरी मैल आणि त्याशिवाय एकट्याने २,००० अशी अट घातली. ती दक्षिण महासागरासाठी. तुम्हाला व्यापारी वाऱ्यांच्या सोबतीने एखादा महासागर ओलांडायचा असेल, तर इतकं लागणार नाही. पण नुसते मैल मोजून फारसं कळत नाही. चांगल्या हवेत ऑटोपायलट लावून केलेले हजार मैल तुम्हाला काय शिकवतात? ऑटोपायलटवर भरवसा ठेवायला. मी मैलांऐवजी दुसरं विचारतो: किनारा जवळ असताना काय काय बिघडलं, आणि ते तुम्ही एकट्याने, अंधारात, ओकाऱ्या होत असताना सावरलं का?

एक रात्र समोर आणा. दोन वाजलेत. झोपायला गेलात तेव्हा वारा पंधरा नॉट (म्हणजे ताशी पंधरा सागरी मैल) होता. आता होडी एका अंगावर कलंडलीय, गॅसवरची किटली खाली येऊन गडगडतेय, डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांमधून येणारा आवाज बदललाय. तुम्ही उबेत पडल्या पडल्या म्हणता, थोडा वेळ बघू. इथेच घोळ होतो. वारा पंधराचा पंचवीस नॉट झाला तर तो पावणेदोनपटसुद्धा वाढलेला नसतो, पण शिडावरचा दाब जवळजवळ तिप्पट होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. अर्ध्या तासाने तुम्ही वर जाता, तेव्हा दोन हातांचं काम तीन हातांचं झालेलं असतं. हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षापट्टा, अडकवायचा, डोक्यावरचा लाल दिवा लावायचा, होडीचं तोंड वाऱ्याकडे जरा वळवायचं, शीड वर धरणारा दोर, हॅलयार्ड, बेताने सोडायचा, शीड खाली येईल तसा रीफचा, म्हणजे शीड दुमडून लहान करायचा, दोर ओढून घट्ट करायचा. तो दोर नेमका कुठेतरी अडकतो. मग बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या, टोकापर्यंत सरपटत जायचं. शीड फडफडून कानठळ्या बसवतंय, आणि पोटात जे होतं ते आता पायावर आहे. हे सगळं बंदरात, ऊन असताना, चार मिनिटांत होतं. तिथे ते दहादा केलेलं असलं तरी या रात्री अर्धा तास लागतो. बंदरात एकदाही केलेलं नसेल तर किती लागेल, हे मला सांगवत नाही. शीड कमी करावं का असा विचार मनात आला की त्याच क्षणी उठायचं, असं जुने लोक सांगतात. शब्दशः पाळा.

म्हणून मोठ्या सफरीच्या आधी छोट्या सफरी करा. त्या किनाऱ्याकिनाऱ्याने, रोज संध्याकाळी नांगर टाकत केलेल्या चालणार नाहीत. जमीन दिसेनाशी होईपर्यंत बाहेर जा, तीन रात्री बाहेर राहा, आणि परत या. तीनच का, तर पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात वाईट असतात. ओकाऱ्या, अर्धवट झोप, अन्नावर वासना नाही, डोकं चालत नाही. बहुतेकांचं शरीर त्यानंतर रुळतं. आपण पहिल्या दोन दिवसांत कसले निर्णय घेतो हे ज्याला माहीत नाही, त्याने तिसऱ्या आठवड्याचे बेत आखू नयेत. अशा एका खेपेला ऑटोपायलट मुद्दाम बंद ठेवा आणि बारा तास सुकाणू हाताने धरा. दुसऱ्या खेपेला सुकाणूचं चाक निकामी झालंय असं समजून राखीव दांडा बसवून बघा. तो बसतच नाही, किंवा बसतो पण मधे सीट येते, असे शोध धक्क्यापासून वीस मैलांवर लागलेले बरे. होडीच्या तळाला जितक्या नळ्या बाहेर जातात तितक्या झडपा डोळे मिटून हाताने चाचपून सापडायला हव्यात, आणि प्रत्येक झडपेला, ती फुटलीच तर भोक बुजवायला, लाकडी गुटका दोरीने बांधलेला हवा.

जेसिका वॉटसनचं उदाहरण मला म्हणूनच मोलाचं वाटतं. ऑस्ट्रेलियाची ही सोळा वर्षांची मुलगी प्रदक्षिणेच्या सुरुवातीच्या बंदराकडे जाता जाताच, ९ सप्टेंबर २००९ ला, रात्री एका मोठ्या मालवाहू जहाजावर आदळली. डोलकाठी मोडली. टीकाकारांनी झोडपून काढलं. चौकशीत दोन्हीकडचा पहारा ढिला होता असं निघालं. ती मोडक्या होडीने स्वतः बंदरात परतली, दुरुस्ती केली, आणि १८ ऑक्टोबरला निघून १५ मे २०१० ला परत आली. ती टक्कर बघून ‘हिने जाऊच नये’ म्हणणारे मला पटले नाहीत. टक्कर किनाऱ्याजवळ, खऱ्या प्रवासाच्या आधी झाली. चाचणीचा उपयोग याहून वेगळा काय असतो?

पहाऱ्याचा विषय निघालाच आहे तर त्याचं गणित मांडतो, कारण एकट्याच्या प्रवासातली ही अडचण कितीही तयारी केली तरी पुरती सुटत नाही. समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ चे. त्यांतला पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक नौकेने सर्वकाळ डोळ्यांनी आणि कानांनी नीट पहारा ठेवायचा. एकटा माणूस झोपला की नियम मोडला. सगळेच मोडतात, विक्रमवीरसुद्धा. होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोनेक मीटरवर असतात, तिथून क्षितिज साधारण तीन सागरी मैलांवर. जहाज उंच असल्याने त्याआधी दिसतं. हवा स्वच्छ असेल तर आठेक मैलांवरून म्हणू. ते वीस नॉटने येतंय, तुम्ही पाच नॉटने समोरून जाताय, तर आठ मैल संपायला लागतात एकोणीस मिनिटं. वीस मिनिटांच्या डुलकीचा हिशेब इथून येतो. धुकट हवेत ते तीन मैलांवर दिसलं, तर सातच मिनिटं. एआयएसचा (जहाजं आपलं ठिकाण रेडिओवरून एकमेकांना कळवतात, त्या यंत्राचा) गजर लावा, रडारचा गजर असेल तर तोही लावा. पण लहान मासेमारी होड्यांवर पुष्कळदा एआयएस नसतो, आणि किनाऱ्याजवळ त्याच जास्त. सबब किनाऱ्याजवळ झोपू नका. पहिली रात्र नि शेवटची रात्र जागून काढायची, हे धरूनच बेत आखा. महासागराच्या मधोमध झोप त्यामानाने सुरक्षित आहे. वादळात तरंगत राहणाऱ्या होडीतला एकटा माणूस बंदराच्या तोंडाशी पेंगून खडकावर चढतो, ते उगीच नाही.

होडीतून पडण्याबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. एकटे असताना पडलात की होडी ऑटोपायलटवर पुढे निघून जाते. पाच नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. तोंडातलं पाणी थुंकून डोकं वर काढेपर्यंत ती पंचवीस मीटर गेलेली असते, मिनिटाभरात दीडशे. पाणी थंड असेल तर पहिली एक-दोन मिनिटं श्वासावर ताबाच राहत नाही. एरिक ताबार्ली हे शिडाच्या होड्यांतलं फ्रान्समधलं सगळ्यात मोठं नाव. जून १९९८ मध्ये वेल्सच्या जवळ रात्री ते आपल्या जुन्या होडीवरून समुद्रात फेकले गेले. हार्नेस नव्हता. होडीवर इतर माणसं होती, तरी ते वाचले नाहीत. तेव्हा डेकवर पुढून मागपर्यंत जॅकलाइन, म्हणजे स्वतःला अडकवायची पट्टी, ताणलेली हवी, आणि कॉकपिटचं दार ओलांडण्याआधी हार्नेसपासून तिच्यापर्यंत जाणारा दोर, टेदर, अडकवलेला हवा. हा टेदर इतका आखूड ठेवा की माणूस कठड्याबाहेर जाऊच नये. लांब दोराने बांधलेला माणूस पाण्यात पडून होडीमागे फरफटत बुडू शकतो. विकत घेताना हे दुकानदार सांगत नाहीत.

आता तुमच्यावर होणाऱ्या मोठ्या आरोपाकडे येतो: तुमच्या हौसेपायी दुसऱ्यांचे जीव का? आरोप खरा आहे, पण लोक तो चुकीच्या माणसांवर करतात. समुद्रात संकटात असलेल्याला मदत करणं प्रत्येक कप्तानावर आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे. तुम्ही इपर्बचं, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा संदेश धाडणाऱ्या यंत्राचं, बटण दाबलं, की तुमच्यासाठी कुणीतरी वळतं, मग ते मालवाहू जहाज असो की मासेमारी बोट. अभिलाष टॉमी यांच्यासाठी असेच लोक वळले. सप्टेंबर २०१८ मध्ये, त्या पुन्हा सुरू झालेल्या गोल्डन ग्लोबमध्ये, दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांची होडी उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली, उठता येईना. त्याच शर्यतीतला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन याची स्वतःची डोलकाठी गेलेली, तरी तो तात्पुरतं शीड उभारून त्यांच्या दिशेने निघाला. तीन दिवसांनी फ्रान्सच्या मत्स्यरक्षक नौकेने टॉमींना उचललं. हा माणूस नौदलातला वैमानिक, २०१२-१३ मध्ये एकट्याने न थांबता प्रदक्षिणा केलेला. याहून जास्त तयारी कोण करणार? अपघात झाला म्हणजे तयारी नव्हती, असं म्हणता येत नाही. २०२२ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

त्याच्या शेजारी ॲबी संडरलंड ठेवा. तीही सोळा वर्षांची, अमेरिकेची, होडी चालवण्यात तरबेज. सगळ्यात लहान वयात एकटीने, न थांबता प्रदक्षिणा करायची होती. जानेवारी २०१० मध्ये निघाली, एकदा मेक्सिकोला थांबावं लागलं, मग ऑटोपायलटच्या दुरुस्तीसाठी केपटाउनला. तिथून ती निघाली तो मे महिना संपत आला होता. म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा तोंडावर, आणि पुढे हिंदी महासागर. १० जूनला डोलकाठी गेली. सुटका करायला आलेल्या फ्रेंच मासेमारी जहाजाचा कप्तान त्या गडबडीत स्वतः पाण्यात पडला, त्याला बाहेर काढावं लागलं. मुलगी शूर होती, हुशार होती. पण वय थांबत नाही, विक्रम हातचा जातो, आणि ऋतू तर कुणाचंच ऐकत नाही. चार-पाच महिने केपटाउनला थांबली असती तर? न थांबता करायचा विक्रम तर तिथे थांबताच गेला होता; फार तर सगळ्यात लहान वयाचा मान गेला असता, दुसरं काही नाही. या पत्रातलं सगळ्यात महागडं कॅलेंडर मला ते वाटतं.

उलट, लॉरा डेकरला थांबायला भाग पाडलं गेलं. तेरा वर्षांच्या या डच मुलीला २००९ मध्ये न्यायालयाने रोखलं. वर्षभर खटले चालले. तिला संताप आला, आणि तिच्या जागी मलाही आला असता. पण त्या वर्षात मोठी होडी आली, प्रथमोपचाराचं आणि अपुऱ्या झोपेत काम करण्याचं प्रशिक्षण झालं. जानेवारी २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षी, थांबत थांबत केलेली प्रदक्षिणा तिने पुरी केली. न्यायालयांनी सगळ्यांना असं अडवावं असं मला अजिबात वाटत नाही. ते वर्ष आपलं आपण काढावं, एवढंच. भारतीय नौदलातल्या दिलीप दोंदे यांनी २००६ मध्ये प्रदक्षिणेसाठी नाव दिलं आणि ते निघाले ऑगस्ट २००९ मध्ये. मधल्या काळात होडी बांधली गेली, तिच्या चाचण्या झाल्या, आणि ते स्वतः नॉक्स-जॉन्स्टनकडे जाऊन शिकून आले.

पैसे देणाऱ्यांनाही एक ओळ, हे पत्र त्यांच्यापर्यंत जाणार असेल तर: करारात निघायची तारीख घालू नका, आणि माघार घेतली तर दंड, हे कलम तर मुळीच नको. तुमच्या नावाचं शीड बंदरात परत आलेलं तुम्हालाही परवडतं.

तयारी कधीच पुरी होत नाही, हे मलाही मान्य आहे. यादी संपेपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिलीत, ती थांबलेलीच आहेत. म्हणून यादी दोन भागांत तोडा. जे बिघडलं तर होडी बुडते, डोलकाठी पडते किंवा माणूस पाण्यात जातो, ते सगळं एकीकडे: तारा आणि त्यांची टोकं, सुकाणू, तळाच्या झडपा, पाणी उपसायचे पंप, हार्नेस, इपर्ब, जीवरक्षक तराफा. दुसरीकडे ज्याने प्रवास सुखाचा होतो ते: खारं पाणी गोडं करणारं यंत्र, उपग्रह इंटरनेट, फ्रिज, कॅमेरे. नवखे दुसऱ्या यादीवर पैसे उडवतात आणि वीस वर्षांच्या तारा तशाच ठेवतात, कारण तारांचा फोटो काढण्यासारखा नसतो. पहिली यादी तपासून, वापरून, मोडून, दुरुस्त करून झाली आणि हवामान मिळालं, की निघा. दुसरी अर्धी राहिली तरी चालेल.

तराफ्याबद्दल एक विसरत होतो. इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या खडकाला वळसा घालून यायच्या १९७९ च्या फास्टनेट शर्यतीच्या वादळात पंधरा स्पर्धक गेले. चोवीस होड्या सोडून दिल्या गेल्या, त्यांतल्या बुडाल्या पाचच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या, आणि तराफ्यांत उतरलेल्यांपैकी काही परत आले नाहीत. होडी पायाखालून जात नाही तोवर ती सोडू नका. पण ती जाते तेव्हा झटक्यात जाते. २०२२ च्या गोल्डन ग्लोबमध्ये तापिओ लेह्टिनेन याची होडी हिंदी महासागरात काही मिनिटांत बुडाली. अंगात घालायचा बचावसूट आणि तराफा हाताशी होते म्हणून तो तगला, आणि शर्यतीत आघाडीच्या स्पर्धकांत असलेल्या कर्स्टन नॉयशेफरने वाट वाकडी करून दुसऱ्या दिवशी त्याला उचललं. तुमचा तराफा डेकवर मोकळा आहे, की बांधलेल्या खोक्यांखाली?

शेवटचं काम किनाऱ्यावरचं. एक माणूस निवडा, जो घाबरट नाही आणि आळशीही नाही. त्याला होडीचा रंग, लांबी, फोटो, तराफ्याचा प्रकार, पाणी नि अन्न किती दिवसांचं, कुठल्या बंदरात पर्यायाने शिरू शकता, हे कागदावर लिहून द्या. इपर्ब नोंदवताना त्याचाच नंबर द्या, कारण संदेश उमटला की बचाव केंद्र पहिला फोन त्याला करतं आणि हा खरा आहे का विचारतं. रोजचा निरोप चुकला तर किती तासांनी काळजी करायची आणि किती तासांनी फोन लावायचा, हे दोन आकडे निघण्याआधी ठरवा. यंत्राची बॅटरी संपणं आणि होडी बुडणं किनाऱ्यावरून सारखंच दिसतं. तो कागद दिला, की निघायचा दिवस हवामानाच्या अंदाजावरून ठरवा. अंदाज तीन-चार दिवसांपुरता बरा असतो, त्यापलीकडचा धरून चालू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक शिडवाला